रोज दोनदा येणारी भरती

आमच्या मूर्तिजापुरात समुद्र पाहिलेली माणसं फार थोडी आणि समुद्रावर बोलणारी फार. स्टेशनाबाहेर माझं सायकलचं दुकान आहे. तिथल्या बाकावर बसून पंक्चर निघेपर्यंत लोक विलायतेला जाऊन येतात. मी तर प्रत्यक्ष समुद्राच्या काठाने सायकल चालवून आलो. तेव्हापासून रोज तेच तेच सांगावं लागतं: पाणी खरंच खारट असतं का, पलीकडचा काठ दिसतो का, आणि तुम्ही दोघं त्यात बुडणार होता ते खरं का. आता लिहूनच टाकतो. ज्याला विचारायचं असेल त्याने हे वाचावं आणि मला पंक्चर काढू द्यावं.

प्रवास खरं तर माझा नव्हता, तुळशीरामचा होता. तुळशीराम माळी. गावाबाहेर त्याचं बागाईत आहे. वांगी, मिरची, मेथी, जे निघेल ते सायकलच्या दोन्ही बाजूंना टोपल्यांत बांधून तो बाजारात आणतो. त्याचा धाकटा भाऊ महादेव लढाईच्या धामधुमीत एकदा अकोल्याच्या बाजारी मिरच्या विकायला गेला. तिथे भरतीवाले आले होते. बँड वाजत होता, जिलेबी वाटत होते. महादेवाने मिरचीची टोपली शेजारच्या कांदेवाल्याच्या हवाली केली आणि नाव नोंदवून मोकळा झाला. टोपली घरी आली, महादेव आला नाही. समुद्राच्या काठावर पहाऱ्याला आहे, एवढाच निरोप कुणाकडून तरी आला.

मग लढाई संपली. आसपासच्या गावांतली गेलेली पोरं एकेक करून ट्रंका आणि खाकी घोंगड्या घेऊन परतली. महादेव नाही. कारंज्याकडच्या एका परतलेल्या पोराने सांगितलं की अलिबागेच्या खाली रेवदंड्याची खाडी आहे, तिच्या पलीकडे काठाने सिमेंटची ठाणी बांधली आहेत, त्यातल्या कुठल्या तरी एकावर तो होता. हे ऐकल्यावर त्यांच्या मायने तुळशीरामला सांगितलं, "म्हाद्याले घेऊनच ये. त्याच्याबिगर माह्या दारात पाय ठेवू नको."

तुळशीराम माझ्या दुकानी आला. "मिस्तरी, समुद्राच्या काठानं सडक आहे का?"

"आहे ना," मी म्हणालो. जशी मीच बांधली होती.

"मंग चाला."

मी का गेलो, असं बायको अजून विचारते. पेट्रोल मिळत नाही, मोटारी कोळशाच्या गॅसवर धापा टाकत चालतात आणि काठाच्या वाटेला त्या फिरकतही नाहीत, तेव्हा प्रत्येक ठाण्यावर थांबून चौकशी करायची तर सायकलच हवी आणि सायकल म्हटली की मिस्तरी हवा, असं मी तिला पटवून दिलं. खरं कारण असं की मला समुद्र पाहायचा होता.

रेवस

आगगाडीचं वर्णन करत नाही. ज्याने तिसऱ्या वर्गाने प्रवास करून दोन सायकली मुंबईला नेल्या आहेत त्याला ते नको आहे, आणि ज्याने नेल्या नाहीत त्याचा विश्वास बसणार नाही. मुंबईहून लाँच निघते ती रेवसच्या धक्क्याला लागते. तुळशीरामने लाँचच्या कठड्याला दोन्ही हातांनी धरून ठेवलं होतं आणि तो समुद्राकडे रागाने पाहत होता.

"मिस्तरी, एवढं पाणी, अन् एक मोट नाही."

धक्क्यावर उतरल्यावर खरी पंचाईत झाली. तुळशीरामला सायकल चालवता येत नाही, असं लक्षात आलं. म्हणजे येते, पण रिकामी येत नाही. जन्मभर त्याने मागे दीड मण भाजी लादूनच सायकल मारली. रिकामी सायकल त्याच्या हाताखाली तट्टासारखी उधळायला लागली आणि तो दोनदा लोकांच्या अंगावर गेला. शेवटी आम्ही घरून आणलेलं ज्वारीचं पीठ, वाळलेल्या मिरच्यांचं पोतं, तेलाचा डबा आणि माझी वळकटी असं सगळं त्याच्या मागे बांधलं. मग तो तीरासारखा निघाला. माझी सायकल हलकी, नवीन गिअरची, चकचकीत. तरी दिवसभर मी त्याच्या मागेच होतो. कारण विचारू नये.

रस्ता मात्र असा की आमच्या लोकांना सांगितलं तर हसतील. डोक्यावर सावली. नारळ, सुपारी, केळी, आणि त्यांच्या मधून उतरत्या छपरांची घरं. आमच्याकडे झाड एकटं उभं असतं आणि त्याखाली माणसं, ढोरं, बैलगाड्या सगळे दाटीने बसतात. इथे झाडांची दाटी आणि माणूस शोधावा लागतो. माती लाल. तुळशीराम वरचेवर उतरून ती चिमटीत घेऊन पाहायचा आणि टाकून द्यायचा. "ही माती नाही. विटंचा चुरा आहे."

बोलण्याचीही गंमतच. एका वाण्याच्या दुकानाशी तुळशीरामने आपल्या रीतीने चौकशी केली, "काय भाऊ, काय करून राह्यले?"

वाणी जरा चिडून म्हणाला, "राहिलो कुठे? मी इथलाच आहे."

मी समजूत घालायला गेलो, तर त्याने मलाही विचारलं की तुम्ही दोघं भांडताय का. आम्ही भांडत नव्हतो. आम्ही असंच बोलतो.

अलिबाग

रात्री धर्मशाळेत उतरलो तेव्हा समुद्र अगदी समोरच्या भिंतीला येऊन आदळत होता. सकाळी उठून पाहतो तर समुद्र जागेवर नाही. नुसता चिखल, आणि पाणी पार लांब. त्यात एक भलाथोरला किल्ला, काल पाण्यात होता तो आज जवळजवळ कोरड्यात.

तुळशीराम घाबरला. "मिस्तरी, एवढं पाणी रातीतून गेलं कोठी?"

आता मी मॅट्रिकला दोनदा बसलेला माणूस. भूगोलात मी दर वर्षी नद्यांपर्यंत पोचायचो आणि समुद्राच्या आधीच परीक्षा यायची. पण माहीत नाही म्हणायची माझी रीत नाही. मी सांगितलं, "वाऱ्यानं सरकलं." तुळशीरामला ते पटलं. मलाही पटलं.

किल्ल्याकडे त्याने एकदाच पाहिलं. "पाण्यात किल्ला बांधून राखत काय होते? पाणीच?" मी त्याला आरमार, तोफा, फिरंगी, सिद्दी, असं जे आठवेल ते ऐकवलं. त्याचं लक्ष नव्हतं. त्याला जुने किल्ले नको होते. त्याला नवीन ठाणी पाहिजे होती, ज्यात त्याचा भाऊ होता.

पहिलं ठाणं सुरूच्या बनात सापडलं. मी तर मनात तोफा-बिफा घेऊन गेलो होतो. निघालं काय, तर सिमेंटची एक बुटकी खोली. भिंती हातभर जाड, दरवाजा वाकून शिरायचा, आणि खिडकीच्या जागी समुद्राकडे नुसती आडवी फट. त्या फटीतून एक बकरी बाहेर पाहत होती.

बकरीचा मालक म्हणाला, "लढाईत शिपाय चार साल हितून बघत होते, जपानी काय आला नाय. आता ही बघतेय."

महादेव नावाचा कोणी त्याला ठाऊक नव्हता. दुसऱ्या ठाण्यात मासळी वाळत घातली होती आणि वास असा की तुळशीरामने बाहेरूनच नाव पुकारलं. तिथे दाराशी एक पाटी होती. तुळशीराम अक्षर अक्षर लावून वाचतो. त्याने वाचलं, "हुकुमाशिवाय येथे वावर करू नये."

तो बराच वेळ पाटीपुढे उभा राहिला. मग वाळूत बोट खुपसून पाहिलं. "मिस्तरी, सरकारले काय वाटते? इथं वावर कोण करन? काय पेराचं ह्या रव्यात?"

आमच्या वऱ्हाडात वावर म्हणजे शेत. मी समजावून सांगेपर्यंत जवळच्या झाडाखालचा म्हातारा पोट धरून हसत होता. तुळशीरामलाही हसू आलं, पण लगेच मावळलं. ते दुसरं ठाणं होतं, आणि तिथेही कोणी महादेवाचं नाव ऐकलेलं नव्हतं.

खाडी

रेवदंड्याला जुन्या तटाच्या आतून रस्ता जातो. तट फिरंग्यांचा, आत नारळाच्या वाड्या. खाडी ओलांडायला होडी लागते. होडीवाल्याने सायकली आडव्या टाकल्या, त्यावर आम्हाला बसवलं आणि मिरच्यांचं पोतं नाकाशी उभं केलं. भर खाडीत वारा सुटला आणि पोत्याचं तोंडही सुटलं. आधी होडीवाला शिंकला, मग दोन बाया, मग एक भटजी, मग सगळी होडी. वल्हं मारायला कोणाला फुरसत नाही आणि होडी आपली डुलत चालली. भटजींनी शिंका आवरून विचारलं, "हे तुम्ही खाता?"

"खातो," तुळशीराम म्हणाला. "तुमी काय कराले नेता?"

पलीकडे उतरलो तेव्हा दिवस कलायला लागला होता. इथून पुढे गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या लोकांची परवानगी घेतलेली नाही, आणि आता त्यांच्याशी आमच्या तुळशीरामचं नातं आहे.

शिमिटाचं खोकं

तिसरं ठाणं थेट पाण्याच्या अंगाला होतं. वाळू ओलांडली की काळ्या कातळाची एक जीभ पुढे गेलेली, आणि तिच्या टोकावर ते. गावातले त्याला शिमिटाचं खोकं म्हणतात. वाळू ओली आणि घट्ट होती, सायकली ढकलत आम्ही सरळ तिथवर गेलो. आत कोणी नव्हतं. विझलेली राख, फुटका कंदील, आणि फटीतून दिसणारा समुद्र.

कातळावर एक म्हातारी हातातल्या लोखंडी टोच्याने दगडाला चिकटलेली कालवं, म्हणजे एक जातीच्या शिंपल्या, फोडत होती. तिची टोपली भरली, तिने पदर कमरेला खोचला आणि आमच्याकडे पाहून ओरडली, "अरं पाव्हण्यांनो, निगा बेगीन! भरती येल आता."

तुळशीराम थबकला. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. भरती म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. बँड, जिलेबी, टेबलामागे साहेब.

"इथंसुदा येते?" त्याने विचारलं.

"मंग? हितं नाय येल तं कुठं येल?"

"रोज येते?"

"रोज. दोनदा."

"दोनदा! लढाई संपली तरी?"

"तिला लढाईचं काय रं?"

तुळशीराम एक पाऊल पुढे आला. "अन् माणसं नेते?"

"नेतंय ना. सांगून ऐकत नाय त्याला नेतंय. औंदा दोन तरणे पोर नेलं."

"अन् वापस?"

म्हातारीने नुसता आभाळाकडे हात केला.

आता इथे मी शहाणा माणूस म्हणून पुढे झालो. "बाई, त्यांचा साहेब कोण आहे?" असं मी अदबीने विचारलं. म्हातारीने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, टोपली डोक्यावर घेतली आणि जवळजवळ पळतच वाळूकडे गेली.

तुळशीराम खोक्याच्या दारात मांडी घालून बसला. "याच भरतीनं माह्या भावाले नेलं. येऊ द्या तिले. आज जाब इचारल्याबिगर मी हालत नाही."

मी सांगितलं की साहेबाशी मी बोलेन, तू मधे तोंड घालू नको. इंग्रजीतली दोन वाक्यं मनात जुळवली. टोपी झटकली. सायकली दिसतील अशा उभ्या केल्या, म्हणजे आपण भले लोक आहोत हे लांबून कळावं.

पाणी आधी कातळाच्या फटींतून आलं. मी म्हणालो, वारा. मग ते आमच्या आणि वाळूच्या मधल्या सखल जागेत पसरलं. मी म्हणालो, वारा फिरला. मग तुळशीराम बसल्या जागी ओला झाला आणि उभा राहिला. मागे वळून पाहिलं तर ज्या वाळूवरून आलो ती वाळूच नाही. पाणी माझ्या गुडघ्याला लागलं, तेव्हा कुठे भूगोलाचं ते न वाचलेलं पान माझ्या डोक्यात उघडलं.

"तुळशीराम, हीच भरती."

"कोणती?"

"ही. पाणी."

तो आजूबाजूला पाहत राहिला. "अन् साहेब?"

"साहेब नाही. चंद्र."

याचा अर्थ मी त्याला सांगू शकलो नाही, कारण तेवढ्यात एक लाट दारातून आत आली आणि वळकटी घेऊन बाहेर गेली. आम्ही सायकली खोक्याच्या छपरावर चढवल्या, मग पीठ, मग मिरच्या, मग स्वतः. छप्पर सपाट होतं, दोन माणसं आणि दोन सायकली कशीबशी मावतील एवढं. चहूकडे पाणी. आता ते छपरालाही शिंतोडे मारत होतं. मला पोहता येतं, पण विहिरीत. विहिरीला कठडा असतो. मी भ्यालो होतो, आणि ते ज्याच्यापासून लपवावं असं तुळशीरामशिवाय तिथे कोणी नव्हतं. तुळशीराम भ्याला नव्हता. त्याला नुसतं वाईट वाटत होतं.

"मिस्तरी, आता माय दोघायची वाट पाहीन," तो म्हणाला.

 मी त्याचा हात धरला.

सूर्य पाण्याला टेकायच्या बेतात होता. इतक्यात वाळूच्या बाजूने वल्ह्याचा आवाज आला आणि कोणी तरी खच्चून ओरडलं, "अबे ओ! कोण हाय बे थे शिमिटावर?"

चार दिवसांत आम्हाला कोणी अबे म्हटलं नव्हतं. माझ्या डोळ्यांना पाणीच आलं. तुळशीराम मात्र छपराच्या कडेला जाऊन उभा राहिला, इतका कडेला की मी मागून त्याचं धोतर धरलं.

होडीत काळाकभिन्न झालेला, कमरेला लंगोटासारखं फडकं गुंडाळलेला एक तरुण उभा होता. त्याने वर पाहिलं आणि त्याच्या हातातलं वल्हं थांबलं.

"दादा?"

"म्हाद्या."

"भरती येते म्हून सांगतलं तं बसून काहून राहिला?"

"भरतीचीच वाट पाहून राहिलो होतो ना बे!"

महादेव हसायला लागला, आणि हसता हसता रडायला लागला. म्हातारीने घरी जाऊन सांगितलं होतं की खोक्यावर दोन येडे बसलेत, तुझ्यासारखंच बोलतात, आणि भरतीचा साहेब कोण म्हणून विचारतात. तो तसाच होडीकडे पळाला. कारण तो स्वतः इथे नवा आला तेव्हा कोणी तरी भरती आली म्हणून ओरडलं, आणि हा गणवेश चढवून, पट्टा आवळून, समुद्रापुढे ताठ उभा राहिला होता.

मिठाचं गाव

होडीतून उतरेपर्यंत दोघं भाऊ एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. घराच्या ओट्यावर पाय ठेवला आणि चित्र पालटलं. दारात एक तरुण बाई उभी होती, कपाळाला ठसठशीत कुंकू. मागे ती कालवंवाली म्हातारी.

"दादा, ही हिरा," महादेव खाली मान घालून म्हणाला. "अन् ह्या सासूबाई."

म्हणजे लग्न झालेलं. जातीबाहेर, आणि घरी एका शब्दाने न कळवता. ही आगरी मंडळी, मिठागरं करणारी. तुळशीरामने हातपाय धुतले आणि तो मान वर न करता पाटावर बसला. जेवायला तांदळाची पांढरीशुभ्र भाकरी होती, वालाची उसळ होती, आणि माझ्या ताटात तळलेली मासळी. ती इतकी चांगली होती की भावाभावांच्या भांडणात माझं हवं तसं लक्ष लागेना, हे कबूल केलं पाहिजे.

"सांगतलं काहून नाही?" तुळशीराम शेवटी म्हणाला.

"सांगतलं असतं तं तू नाही म्हणाला असता."

"म्हणालोच असतो!"

"म्हून."

 मग तुळशीराम म्हणाला, "मायनं सांगतलं, म्हाद्याले घेतल्याबिगर दारात पाय ठेवाचा नाही. चाल माह्यासंग."

आत चुलीपाशी फुंकणीचा आवाज चालला होता, तो थांबला. महादेवाने हातातली भाकरी ताटात ठेवली. मीही दुसरी मासळी ताटात तशीच ठेवली.

सकाळी उठलो तर तुळशीराम अंथरुणावर नाही. घरामागे गेलो. तिथे महादेवाने रेताड जमिनीत शेणखत घालून मिरची आणि वांगी लावली होती. तुळशीराम रोपांमधे उकिडवा बसून त्याला शिव्या देत होता. "हे काय लावणं आहे? बाजारात माणसं उभी करतेत तशी रोपं उभी केली तुनं! बापानं हेच शिकोलं?" महादेव निमूटपणे उपटत होता आणि तुळशीराम मोकळं अंतर सोडून पुन्हा लावत होता. उन्हं वर येईपर्यंत दोघांनी अर्धे वाफे नव्याने लावून काढले.  तुळशीरामच्या शिव्या हळूहळू मऊ होत गेल्या आणि मग थांबल्या.

दुपारी म्हातारीने आम्हाला मिठागरात नेलं. आमच्या लोकांनी हे पाहायलाच पाहिजे. बांध घातलेले सपाट वाफे, वावरासारखेच. पण त्यात पेरायचं काही नाही. भरतीचं पाणी नाळीतून आत घ्यायचं, अडवायचं, उन्हात आटवायचं, आणि फावड्याने पांढरे ढीग ओढायचे. तुळशीराम बांधाबांधाने हिंडला. वाकून, खरडून, चाखून पाहिलं.

"पेरणी नाही, निंदण नाही. अन् पीक कापसावानी."

"आन भरती आली नाय तं आमी काय खायाचं?" म्हातारी म्हणाली. "तुमी तिच्यावर रागावून बसलाव!"

संध्याकाळी हिराने आमच्या ज्वारीच्या पिठाच्या भाकरी केल्या. तिने जन्मात ज्वारी थापली नव्हती. एक भाकरी जाड, एक फाटकी, एकीच्या कडेतून तर खाडीच आत शिरलेली. तुळशीरामने एक खाल्ली. मग ताट पुढे केलं. "अजून एक वाढ, पोरी."

तिने वाढली आणि तिथेच उभी राहिली. तो वर न पाहता म्हणाला, "मी याले न्याले आलो होतो."

"ठाव हाय मना."

"नेऊ?"

"न्या," हिरा म्हणाली. मान ताठ. "पन मना बी न्या. आन आयेला बी न्या. मिठागर बी न्या. आन होडी."

तुळशीराम भाकरी हातात धरून तिच्याकडे पाहत राहिला, आणि मग इतका हसला की त्याला ठसका लागला. "होडी! मूर्तिजापुरात होडी कोठी बांधाची? टेसनावर?"

ठसका गेल्यावरही त्याचे डोळे ओलेच राहिले. त्यानंतर त्याने महादेवाला चल म्हणून म्हटलं नाही. महादेव म्हणाला की मिठाचा हंगाम संपला की आम्ही दोघं पाया पडायला येऊ, मायची मर्जी असली तर. तुळशीराम म्हणाला, येजा. निघताना मिरच्यांचं पोतं त्याने तिथेच ठेवलं आणि हिराने मिठाचं एक गाठोडं त्याच्या मागे बांधलं. भावाला त्याने जवळ घेतलं नाही. सायकलवर बसला आणि वळणापर्यंत एकदाही मागे पाहिलं नाही. वळणावर उतरला, आणि मग बराच वेळ पाहत उभा राहिला.

परत

परतीच्या वाटेवर तुळशीराम एकच गोष्ट विचारत होता: मायला सांगायचं कसं? "तुमी सांगा मिस्तरी. तुमाले बोलता येते." मी आगगाडीत भाषण तयार केलं. त्यात काळ बदलला हे होतं, लढाईने जग जवळ आलं हे होतं, आणि शेवटी आईचं मन कसं मोठं असतं ते होतं. भाषण चांगलंच होतं.

अंगणात पोचलो तेव्हा माय तुरीच्या शेंगा सोलत होती. तुळशीराम सायकल धरून दाराबाहेरच उभा राहिला. मी घसा खाकरला. मायने आमच्या मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. तिच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या, आणि माझं भाषण जागच्या जागी आटलं.

"माय, थो येत नाही," तुळशीराम म्हणाला.

"जिता आहे?"

तो गोंधळला. "म्हंजे? आहे ना. चांगला आहे. होडी चालवते."

माय भिंतीला टेकून खाली बसली. तोंडाला पदर लावून ती रडली, मोठ्याने, लपवाछपवी न करता. इतके महिने ती घेऊन ये, घेऊन ये म्हणत होती, ते हा एक प्रश्न विचारायची छाती होत नव्हती म्हणून. तुळशीराम सायकल टाकून धावला आणि तिच्यापाशी बसला. मग त्याने सगळं एका दमात सांगून टाकलं, लग्न, जात, सासू, होडी, भाकरीसुद्धा.

माय डोळे पुसत ऐकत होती. "कोण लोक म्हणाला थे?"

"आगरी. मीठ पिकवतेत."

"मीठ पिकवतेत?"

तुळशीरामने गाठोडं सोडलं. मायने एक खडा उचलून जिभेवर ठेवला आणि डोळे मिटून बसली. मी दाराशीच उभा होतो, जावं की थांबावं ते कळत नव्हतं.

"हंगाम संपला का दोघं येतो म्हणाले," तुळशीराम हळूच म्हणाला. "तुही मर्जी असन तं."

"हंगाम कवा संपते?"

"पावसाच्या आंधी."

"तवापर्यंत कोण थांबते?" माय म्हणाली आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. ती सरळ तुळशीरामच्या आडव्या पडलेल्या सायकलीपाशी गेली, कॅरिअर हाताने दाबून पाहिलं आणि माझ्याकडे वळली. "मिस्तरी, यावर मांगं बसता येते का मले?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात ती सायकल उलटी करून मी कॅरिअरवर कापसाची गादी शिवत होतो. समोरच्या बाकावर माय बसली होती, आणि गादी अजून जाड पाहिजे म्हणून सांगत होती.